मूळ प्रत

जेलरोडला दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ,
खाली मोबाईलच्या कव्हरांची दुकानं.
जाजूसेठ म्हणाले, "भिया, पोस्टर असं पाहिजे
की बघणाऱ्याच्या हातातला कप थांबला पाहिजे."
सांवेर रोडला शेवेचा कारखाना त्यांचा,
आणि ही पहिली फिल्लम : 'रात तीन दस'.
खुनी त्यांचाच भाचा. बी.कॉम., गोरा,
गालावर अजून दुधाची साय.

मी काळ्यापासून सुरुवात केली.
काळा एकच नसतो, पंचवीस वर्षांत एवढं कळलंय.
निळ्याचा थेंब पडला की त्याची रात्र होते,
तांबड्याचा पडला की जुनी भानगड.
मागे कृष्णपुऱ्याच्या छत्र्या घेतल्या, पाण्यात उलट्या.
पाणी इतकं स्वच्छ कुठलं असायला,
तेही मीच केलं.
रस्त्यावरचा दिवा विझवला.
एक बाई पिशवी घेऊन चालली होती, तिला पुसली.
भाच्याच्या डोळ्यांखाली काजळी धरली.
रक्त म्हणून डाळिंबाचा रस,
फरशीवर सांडला होता गेल्या दिवाळीत,
तेव्हा सहज फोटो काढून ठेवला होता.

जाजूसेठ खुर्चीमागे उभे, त्यांच्या श्वासाला हिंगाचा वास.
"व्रण पाहिजे. कानापासून हनुवटीपर्यंत.
आणि खरा वाटला पाहिजे."

आता गंमत बघा,
माझा सगळा जन्म व्रण काढण्यात गेला.
देवीचे वण, चामखीळ, नाकावरचे चष्म्याचे खड्डे,
बायोडेटातल्या किती मुली मी उजळ केल्या,
किती मास्तरांना मेल्यावर कोट घातला,
हयातीत ज्यांना स्वेटर पुरला.
बरं करणारा एक ब्रशच असतो यात.
चांगल्या कातडीवर एकदा टिचकी मारायची,
मग वाईटावरून फिरवत जायचं.
लावायचं कसं, ते कुणी शिकवलंच नाही.

म्हणून जुनी हार्डडिस्क जोडली.
मूळ प्रती मी फेकत नाही. खोड आहे.
२०११, 'विवाह', मे.
कपाळाला टाके पडलेली, तेलाने भाजलेली,
कुत्र्याने दंडाला धरलेला एक इंजिनिअर,
आणि अनघा तारे, रामबाग.

काका आले होते सोबत.
"मानेचं तेवढं घ्या, जिन्यावरून पडली परवा."
घेतलं होतं मी.
साडेतीनशे रुपये, चार प्रती, एक मोठी.

आज चारशे टक्क्यांवर नेऊन बघतोय.
उजवीकडे चार निळे, एकाखाली एक.
डावीकडे एकच, रुंद.

जिन्याला अंगठा नसतो.

"अरे हाच! हाच घ्या ना इथून," जाजूसेठ वाकले.
कर्सर तिच्या मानेवर लुकलुकत राहिला.
उचलायला काय लागतं, एक टिचकी.
"फाईल लहान आहे, फाटेल," मी म्हणालो.
फाटली नसती.

मग स्वतःचाच डावा तळवा स्कॅनरवर ठेवला,
लॅमिनेशनच्या दिवसांत कटर फिरला होता,
तो कापा भाच्याच्या गालावर चढवला, थोडा वाकवला.
बेमालूम बसला.
सेठ खूश. वर पाचशे जास्त दिले, शेवेचं एक पाकीट.

शुक्रवारी पोस्टर लागलं, पाटणीपुऱ्याच्या वळणावर.
टपरीपाशी अर्धा तास उभा होतो.
कप कुणाचाच थांबला नाही.
खुन्याला कुणीतरी पेनाने मिशा काढल्या होत्या.

जुन्या बिलबुकात काकांचा नंबर सापडला.
फिरवला. दुसऱ्याच कुणीतरी उचलला,
मागे मिक्सर चालू होता.
काय विचारणार होतो, तेही नक्की नव्हतं.

रात्री शटर अर्धं ओढून पुन्हा फाईल उघडतो.
ती सरळ माझ्याकडे बघतेय,
मीच सांगितलं होतं तसं :
इकडे बघा, कॅमेऱ्यात.
हनुवटी जरा वर.
अजून थोडी.