दुर्मिळ माती

हौदातलं पाणी हिरवं, बाटलीच्या काचेसारखं,
पन्नास अंशांवर. हात घालवत नाही.
एल्मारनं आयुष्यभर घातला.
निकेलची खाज त्याच्या मनगटांवरून
कधीच उतरली नाही; रविवारी चर्चमध्येसुद्धा
बाहीच्या आत बोटं घालून बसायचा.

आता हौद माझा.
मी, आउने, नास्वा बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
सीरियम ऑक्साइडची पूड तोलते.
फिकट पिवळी, इतकी बारीक
की चिमटीत धरली तरी
काही धरलंय असं वाटत नाही.
ढवळणं थांबलं की तळाशी जाऊन बसते,
रुसल्यासारखी.
म्हणून ढवळणी रात्रभर फिरते
आणि वीज मी हळू सोडते.
घाई केली की कडा करपतात.

नुसतं निकेल उंच वाढतं,
खांबाला खांब लावून, सरळ,
आणि दोन खांबांमधल्या फटीतून
मीठ थेट पोलादाच्या घरात शिरतं.
पूड मध्ये येते.
वाढत्या कणाच्या डोक्यावर बसते.
तो अडतो, शेजारी दुसरा सुरू होतो,
तोही अडतो.
इतके बारीक कण, इतकी वळणं,
की मीठ वाट विचारत राहतं.

मागच्या वर्षी मोह झाला. दुप्पट टाकली.
पूड पुडीलाच चिकटली, गुठळ्या झाल्या,
दांडा निघाला बेडकाच्या पाठीसारखा,
नखानं पोपडे सुटले.
अति तिथे माती,
आणि ही तर ग्रॅमवर मोजून घेतलेली, दुर्मिळ माती.
एल्मार हसला नाही. म्हणाला,
उतरव. परत लाव.

भाऊ कारेल बोटीच्या विंचचा दांडा न्यायला आला.
चकाकत का नाही, म्हणाला,
पैसे तर चकाकीचे घेतलेस.
मुलाम्यावर त्याचा विश्वास नाही.
लग्नातल्या अंगठीचं पितळ
तिसऱ्या वर्षी उघडं पडलं होतं;
बायकोनं ती अजून ठेवलीय, त्याला दाखवायला.

मी त्याला मिठाच्या धुक्याची पेटी दाखवली.
आपल्या समुद्राहून कितीतरी खारट धुकं.
(आपला समुद्र तसा अळणीच,
तरी लोखंड सोडत नाही.)
दोन पट्ट्या, एकविसावा दिवस.
साध्या निकेलवर तांबडे ठिपके.
दुसरी राखाडी, मंद, काहीच न सांगणारी.
त्यानं तिच्यावर चाकूचं टोक ओढलं
आणि रेघ शोधायला
खिडकीपाशी गेला.

बराच वेळ तिथेच उभा होता.
मी हातमोजे काढले, मनगटं पाहिली.
उजव्यावर एक तांबडा ठिपका आहे,
सोमवारपासून.