अकरा रात्री पौर्णिमा

वॉल्ट हर्बाखच्या सिनेमात सलग अकरा रात्री पौर्णिमा आहे.
मी म्हटलं, वॉल्ट, चंद्र असा वागत नाही.
तो म्हणाला, दिव्यांचं भाडं बाराशे डॉलर,
चंद्र फुकट, आणि तोही एकदाच नीट आला.

अल्टूनात, रेल्वेच्या जुन्या कारखान्यामागे
त्याचं प्लंबिंगचं दुकान आहे.
आठवडाभर तो लोकांची तुंबलेली मोरी मोकळी करतो
आणि शनिवारी रात्री त्याच पाइपांतून रक्त काढतो :
कॉर्न सिरप, लाल रंग, चमचाभर कोको.
मी त्याच्या कराचे हिशेब बघते.
म्हणून त्याला वाटलं, हिला चुका सापडतील.

सापडल्या.
भुताच्या मनगटावर घड्याळ, तेही दहा मिनिटं पुढे.
सुरा आत जाताना लांब, बाहेर येताना आखूड.
जेनीची जखम जिन्याखाली डाव्या हाताला,
जिना चढेपर्यंत उजव्या.
फोनला रेंज नाही, तरी फोन वाजतो.
मेलेले आजोबा घरघर श्वास घेतात, कारण त्यांना दमा आहे,
आणि ते लोरेटाचे मोठे भाऊ, त्यांना सांगणार कोण.
पिवळ्या कागदावर समास आखून
मी त्रेसष्ट भोकं मोजली.

वॉल्टनं कागद वाचला. चष्मा पुसला.
सगळी बुजवलीस, तर भूत आत येणार कुठून?

चौसष्टावं मी लिहिलं नव्हतं, तोंडीच विचारलं :
पहिल्या रात्री भिंती म्हणाल्या, जा.
दुसऱ्या रात्री आरशावर उमटलं, जा.
मग ही बाई जात का नाही?
दुकानातला नळ ठिबकत होता
(प्लंबरच्या दुकानातला नळ कुणीच दुरुस्त करत नाही).
लोरेटा सँडविच कापताना मान वर न करता म्हणाली,
तीस वर्षांचं कर्ज आहे गं.
आणि या गावात घर घेतंय कोण?

सगळे हसले. मीही.

माझ्या पहिल्या घरात भिंती बोलत नव्हत्या.
कुणीच बोलत नव्हतं. सात वर्षं.
प्रेक्षक फोनवरून ओरडत होते, मिरजेहून, नाशकाहून :
अगं, नीघ.
आणि मी दिवा न लावता
तळघरात कपडे धुवायला उतरत राहिले.

हे काही वॉल्टला सांगितलं नाही.
त्याला सांगितलं, आमच्याकडे भुताचे पाय उलटे असतात.
तो इतका खूश झाला की बँकेतल्या डेनिसला
त्यानं बूट मागेपुढे करून बांधले.
डेनिस जिन्यावरून कोसळला,
त्याची किंकाळी तेवढी खरी आहे. ती ठेवली.

खेळ अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये झाला.
घडीच्या खुर्च्या, मागे पिएरोगीचा वास, दीडशे माणसं.
भिंतीवर माइकची सावली पडली,
तेव्हा पुढच्या रांगेत कुणी कुजबुजलं, दोन आहेत!
आणि सगळा हॉल त्या माइकला घाबरला.
आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.
इथला ब्रह्मराक्षस बँकेत बसतो, बुधवारी सुट्टी घेतो,
गेल्याच महिन्यात त्यानं माझा चेक वटवला.
कपाटात तोच आहे, हे मला ठाऊक होतं.
कपाट उघडेपर्यंत मात्र
मी शेजारच्या अनोळखी म्हातारीचा हात धरून होते,
आणि तिनंही तो सोडवला नाही.

शेवटी नावं आली.
कंटिन्युइटी : ब्रेंडा के.
वृंदा कानिटकर तेवढ्या पट्टीत बसेना, वॉल्ट म्हणाला.
ब्रेंडाला टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी.

बाहेर पार्किंगमध्ये आले. गाडीची किल्ली सापडेना.
वर पाहिलं तर चंद्र अर्धाच.
मी पर्समध्ये पेन शोधलं.
हे आधीच्या दृश्याशी जुळत नव्हतं.