बाराला सात कमी

आषाढ पौर्णिमेला विहारात दोन चिवरं होती.
एक एकवीस वर्षांच्या भन्तेजींचं,
नव्या कापडाची घडी अजून न मोडलेलं.
दुसरं भिक्खुणी धम्मसोमांचं,
गुडघ्यांपाशी विरलेलं.

त्या आधी बेबीनंदा खोब्रागडे होत्या,
वैनगंगेकाठच्या याच गावात
दिवसाला हजार विड्या वळायच्या.
विहाराच्या पायात त्या विड्यांच्या विटा आहेत.
पायरीवरच्या फरशीवर नाव नवऱ्याचं.

त्यांनी घर सोडलं त्याला सोळा पावसाळे झाले,
भन्तेजींनी सोडलं त्याला सोळा दिवस.
तरी वाकल्या त्याच.
मुंडल्या डोक्यावरून एक मुंगी चालली होती,
मी उडवायला हात पुढं केला
आणि मागं घेतला.
भन्तेजींनी पाय जरासे आत ओढले.
लाजला असेल पोरगा.
"आठ नियम हायेत जी," रामटेके गुरुजी म्हणाले,
"अन् पयला हाच."

मग भोजनदान. भन्तेजींना आधी:
भात, वरण, लाखोळीचे वडे,
मी खुडलेली तरोट्याची भाजी.
मग सरपंचाचे दोन शब्द.
मग गुरुजी, समतेवर.
"बाईले आपल्या धम्मानं जेवढं देल्लं
तेवढं कोनं देल्लं?"
खरंच आहे. मी बी.ए. झाले ती त्याच वाटेनं.
खरं आहे म्हणून तर
हातातली परात जड झाली.

भिंतीवर बाराला सात कमी.
दुपार कलली की चिवराला घास नाही,
थेट उद्याच्या उजेडापर्यंत.

बाराला तीन.
गुरुजी अजून इतिहासातच होते.
मी स्टुलावर चढले, काटा मागं सारायला.
खालून त्या हळूच म्हणाल्या,
"उतर व माय.
घड्याळ मांगं जाईन,
सूर्याले कोन ढकलते?"

टाळ्या वाजल्या तेव्हा बारा वाजून गेले होते.

त्यांनी रिकामंच पात्र धुतलं,
ज्याला खरकटं लागलंच नव्हतं ते,
आणि पायरीवर, त्या फरशीपाशी,
ढगातून पडलेल्या उन्हात उपडं ठेवलं.

वाळवायचं पात्र उपडंच ठेवतात.
आणि ज्यांच्या हातचं दान घ्यायचं नाही
त्यांच्यासाठीही
पात्र उपडं करतात.
कमिटीला यातलं पहिलंच ठाऊक.

मी काही विचारलं नाही.
दिवेलागणीला झाडू घेऊन गेले
तर ते तिथंच होतं तसंच,
पाणी कधीचं वाळलेलं.