वार

वहीत चार रकाने: तारीख, वार, साखर, युनिट.
बाराव्या वर्षापासून आखतेय मी.
सावद्याच्या शाळेत होते तेव्हा पट्टीने,
आता नुसत्या हाताने, तिरके.

तिसऱ्या महिन्यात साखर
मध्यरात्री न सांगता निघून जायची.
उशी घामाने ओली, जीभ जड,
हितेंद्र अंधारात गुळाचा डबा पाडायचा
आणि माझ्या दातांशी भांडायचा.
सकाळी मी लिहायची: बुधवार. अठ्ठेचाळीस.
सासूबाई म्हणायच्या, “येक केयं खाय ना वं,
घरचंच त हाये.”

सहाव्यात सगळं उलटलं.
तीच कळण्याची भाकरी, तेवढीच,
सुई तीच, आकडा दोनशे दहा.
सासूबाईंनी आधी फडताळाकडे पाहिलं,
मग माझ्या ओठांकडे.

भुसावळला डॉक्टर झांबरेबाईंनी
केसपेपरच्या पाठीवर एक गोल काढला.
“ही वार. हिच्यातून रस सुटतात,
ते तुझ्या इन्सुलिनला दारातच अडवतात,
बाळाला कमी पडू नये म्हणून.
तू चोरून खात नाहीस, मला माहीत आहे.”
हे शेवटचं मी वहीत उतरवलं,
रकान्याबाहेर.

हितेंद्रचं केळी पिकवायचं चेंबर आहे.
हिरवे घड आत, दार बंद, गॅस जरासा,
चौथ्या दिवशी पिठाची साखर.
“म्हणजे तुझ्यातही कुणीतरी गॅस सोडलाय,” तो म्हणाला.
मला हसू आलं.
रात्री तेच आठवलं, तेव्हा नाही आलं.

सव्वीस युनिटांची मी, आठव्यात सहासष्टवर.
पोटाला टोचायची भीती वाटे, मांड्या निळ्या झाल्या.
वहीचा दुसरा रकाना वरून खाली वाचला:
वार, वार, वार,
कोण कुणावर करतंय कळेना.

शुक्रवारी मुलगी झाली.
मी म्हटलं, वार दाखवा.
सिस्टर थबकली, मग ट्रे पुढे केला.
एवढीशी. जांभळी. गप्प.
नऊ महिने हिनेच मला खोटं पाडलं
आणि हिनेच पोरीला भरवलं.
गावी असते तर परसात पुरली असती,
इथे पिवळ्या पिशवीत गेली.
संध्याकाळी सुई अठरावर उतरली,
जणू कुणी दार उघडून निघून गेलं.

पोरीच्या टाचेतून थेंब घेतला.
ती रडली, मी नाही.
“एकोणसाठ. ठीक आहे,” सिस्टर म्हणाली.
हितेंद्र वही घरीच विसरला होता.
तो आकडा
कुठेच लिहिलेला नाही.