धोटा

नाव आम्ही ठेवलं नाही, त्यानंच कमावलं.
साखर पेठेतली आमची पत्र्याची शेड, चार माग,
आणि मधल्या बोळातून ते पिल्लू
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
पाठीवर कापसाची भुरी घेऊन.
जॉबर यल्लप्पा म्हणाला, धोटाच की हो हा!
झालं.

पहिली फिट आली ती लाइट गेल्यावर.
आम्ही समजत होतो, खडखडाटाचा त्रास होतो त्याला.
उलटंच होतं.
माग थांबले की त्याच्या आत एक माग सुरू व्हायचा,
आडवा पडून चारी पाय चालायचे
आणि तो पोचायचा नाही कुठंच.

मी नववीत. नुसता ओरडत होतो.
आई उंबऱ्याशी, मांडीवर सूप, विड्या वळत होती.
(कुत्रं नको म्हणणारी घरात ती एकटीच.)
तिचे हात थांबले आणि तोंड मोजायला लागलं,
वकटी, रेंडू, मूडू, नालुगू…
इरवै ऐदूला एक बंडल.
दोन बंडलं आणि वर सात झाल्यावर
त्यानं डोळे उघडले
आणि पाव्हण्यांकडं बघावं तसं
आमच्याकडं बघितलं.

मग वहीत तसंच लिहीत गेलो.
मंगळवार, पहाट, दोन बंडलं.
अमावस्या (हे आईनं लिहायला लावलं), तीनला चार कमी.
जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वही उलटीसुलटी केली,
म्हणाले, बंडल म्हणजे काय?
कंपाउंडर हत्तुरेंनी समजावलं,
त्यांची बायकोही विड्या वळायची.

दोन वर्षं काढेल, डॉक्टर म्हणाले,
दुसरं घ्या एखादं, निरोगी.
नाना काही बोलले नाहीत.
सात रस्त्याच्या सिग्नलला, गाडी बंद करून, पुढंच बघत म्हणाले,
सेकंड निघालेली चादर कोण फेकतं का रे?
घरात वापरतात.
माझ्या मांडीवर तो ज्या चादरीत होता
तीही सेकंडच,
एका कोपऱ्यात बाणा सुटलेली.

अर्धी गोळी सकाळी साडेसहाला, अर्धी संध्याकाळी.
आई पानं कापायच्या कात्रीनं बरोबर मधोमध तोडायची,
शेंगदाण्याच्या कुटात लपवायची.
तो कूट खायचा,
गोळी फरशीवर धुतल्यासारखी स्वच्छ ठेवायचा.
मग दुसरा लाडू, मग तिसरा.
गोळीनं भूक वाढते म्हणे;
मला वाटतं, त्याला लाडवांचा हिशेब कळला होता.

गड्ड्याला आम्ही चौघं मिळून कधी गेलो नाही.
एक जण घरी.
शोभेच्या दारूच्या रात्री बहुतेक आईच,
त्याच्या कानांत पिंजलेलं सूत घालून,
दार लावून, त्याच्या पोटावर हात ठेवून.
आम्ही परत येऊन पाळण्यांचं सांगायचो.
तो आमच्या चपला हुंगायचा, सगळा गड्डा
तेवढ्यात बघून घ्यायचा.

दोन म्हणता सात वर्षं निघाली.
मागचे पाय शेवटी लटपटायचे,
तरी बोळातून एक फेरी व्हायचीच,
धोटा मध्येच अडकावा तशी, थांबत थांबत.

तो गेला त्या रात्री लाइट होती.
चारही माग चालू होते.
नानांनी बंद करायला हात उचलला,
आई नको म्हणाली, मानेनंच,
कारण तोंड मोजत होतं.
मला ऐकू येत नव्हतं, फक्त ओठ दिसत होते,
आणि बोटं, अंगठ्यावर एकेक बंडल धरणारी.
एका हाताची बोटं संपली.
दुसऱ्या हाताची सुरू झाली.

वही माझ्याकडं आहे.
शेवटच्या ओळीत तारीख आहे, वार आहे,
पुढं जागा मोकळी.
किती झाली, मी दोनदा विचारलं.
आई म्हणाली, तू आधी जेव.

माग आता भंगारात गेले. शेडमध्ये कुणाचं तरी गोदाम आहे.
आईची बोटं दुखतात, विड्या सुटल्या,
ती कात्री मात्र तिनं कुणाला दिली नाही.
काल तिच्या बीपीच्या गोळीचे दोन तुकडे करताना
तिनं अर्धा तुकडा हातात धरला
आणि उगाच फरशीकडं बघितलं.