पश्चिमेकडची खोली

आमच्या गावात, आयर्लंडच्या त्या टोकाला,
बाप घर हवाली करेपर्यंत
पुरुषाला पोरगाच म्हणत.
माझा भाऊ फेस्टस सत्तेचाळिसाव्या वर्षी पोरगा होता.
दाढीत पांढरं, गुडघ्यात वात,
आणि रविवारी चर्चच्या भिंतीपाशी
पोरांच्या घोळक्यात उभा, टोपी हातात.
घोडनवरा म्हणून हसायलाही कुणी नव्हतं,
सगळेच घोडनवरे.

बाजारात गाय विकायची तर
दोरी त्याच्या हातात, सौदा बापाच्या जिभेवर,
पैसे बापाच्या कोटाच्या आतल्या खिशात.
तंबाखूपुरती नाणी मागताना फेस्टस
दाराच्या चौकटीचा रंग नखाने खरवडत राही.
तेवढ्या जागी लाकूड दिसायचं.

मी एकोणिसाव्या वर्षी बोटीत चढले.
बॉस्टनला कुणी वय विचारलं नाही.
विचारलं, कपड्यांचं भरलेलं टब उचलतेस?
उचलते म्हटलं.
झाले बाई.

आई दर नाताळला लिहायची:
यंदाही नाही, बार्टली अजून धडधाकट आहे.
जणू दुखण्याचीच बातमी.

मग आई गेली.
घरात पाव भाजणारं कुणी उरलं नाही,
तेव्हा बाप बोलला.
तीन रात्री मध्यस्थ, दोन बाटल्या,
मुलीकडच्यांनी गायी मोजल्या,
कुरणाची ओल बुटाने चाचपली.
सबायना, वय चौतीस, हुंडा ऐंशी पाउंड.
फेस्टस गोठ्यात होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी बापाने
खुर्ची, घड्याळ आणि पाईप
पश्चिमेकडच्या खोलीत नेला.
वकिलाने लिहून दिलं होतं:
खोली, शेकोटीपाशी जागा, रोजचं दूध,
चर्चला जायला घोडागाडी,
मरेपर्यंत.

त्या ऐंशीतले चाळीस मला आले.
मुलीचा वाटा. माझ्या लग्नासाठी.
मी चव्वेचाळीस वर्षांची होते.
एक कोट घेतला, गडद हिरवा,
आधी कुणीही न घातलेला.

परवा सबायनाचं पत्र आलं.
घराला नवा रंग दिलाय,
पैसे आता फेस्टसच्याच खिशात असतात.
तरी तंबाखू संपली की
पश्चिमेच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहतात,
बोलत काहीच नाहीत.
तिथल्या चौकटीचा रंग
आत्ताच उडायला लागलाय,
तुम्हाला काही ठाऊक आहे का, कशाने?