तिसऱ्या फळीतली गाठ

पूल झाला त्या वर्षी नावा काठावर पालथ्या पडल्या
आणि त्यांच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.
मग बंधारा झाला, तापी वाहायचं विसरली,
बेटाभोवती भर माघातही पुरुषभर पाणी.
दगा भोई म्हणाला,
माणसं न्यायची नाहीत आता,
तर नावांना निदान पळवू तरी.

तेव्हापासून माघी पुनवेला आमच्या कुकुरखेड्यात शिडांची शर्यत.
नियम दोनच: नाव लाकडाची,
आणि वल्ह्याला हात लावायचा नाही, वारा मेला तरी.
जाताना वारा पाठीशी, बेटाला वळसा,
येताना तोंडावर.
जाताना कोणीही शहाणा असतो.

मी घाटाच्या सातव्या पायरीवर बसतो, चिंचेच्या सावलीला.
सातातल्या पाच नावा माझ्या हातच्या.
सागाच्या फळ्या, बाभळीच्या बरगड्या,
सांध्यांत ठासलेला इथलाच कापूस,
राळेत अन् करडईच्या तेलात भिजवलेला.
लोक विचारतात, मिस्तरी, यंदा कोण?
बापाला असलं विचारू नये, मी म्हणतो.
खरं तर मी शर्यत बघतच नाही.
एक फळी बघतो.

झिपरूच्या नावेची, डाव्या कुशीतली तिसरी.
तिच्यात गाठ होती. रंधा फिरवताना हाताला कळली होती.
पण थोरलीला बघायला पाहुणे यायचे होते,
सांजची एसटी गाठायची होती,
दुसरी फळी चिरायची तर दोन दिवस मोडले असते.
मी गाठीवर डांबर फासलं.
एकोणीस वर्षं झाली.

ठगूबाईनं थाळी बडवली.
शिडं फुगली, कुणाचं सतरंजीचं,
कुणाचं निवडणुकीच्या फ्लेक्सचं:
पडलेल्या उमेदवाराचे गाल वाऱ्यानं इतके भरले
की काठावरच्या बायांनी तोंडाला पदर लावला.
झिपरूचं शीड नंदुरबारच्या मिरचीच्या गोण्यांचं.
वारा भरला की अख्खी नाव शिंकते.

बेटामागून परतताना वारा पडला.
जेवता जेवता कुणी ताटावरून उठून जावं, तसा.
सात नावा, आणि त्यांच्याखाली
सात उलट्या नावा.
शेववाल्यानं कढई उतरवली. पोरंसोरं पांगली.
झिपरूची नाव सरकत सरकत
घाटापासून हाकेवर येऊन थांबली,
आणि मला फळी दिसली,
फळीशी उकिडवं बसलेलं एक पोरगं,
डालड्याच्या डब्यानं पाणी उपसणारं,
घाई नाही, काही नाही,
अंगणात सडा टाकावा तसं.

मी उठलो. एकोणीस वर्षांचं एका दमात बोललो:
झिपरू, त्या फळीमा गाठ शे. माले म्हाईत व्हतं.
झिपरू शिंकला. नाक पुसलं.
आमले बी म्हाईत शे, मिस्तरी. पह्यल्या वरीसपासून.

गाठीपाशी बसायचा मान म्हणे घरातल्या धाकट्याचा.
आधी सुरेश बसायचा, तो आता सुरतेला, साच्यावर.
मग कमळी, ती शहाद्याला नांदते,
अजून निरोप धाडते, डबा जपा.
आता हा भिवसन.
पोरानं डबा वर करून दाखवला,
बुडाला तीन ठिकाणी झाळलेला.

मंग सांगं का नही माले?
सांगतू, ते तुम्ही फळी बदली टाकतात, झिपरू म्हणाला.
मंग हाऊ पोऱ्या कोठे बसता?

मला काही सुचेना. खाली बसलो.
पायरी उन्हानं तापलेली होती.

वारा उना! कुणीतरी पलीकडून ओरडलं.
आधी शिंक ऐकू आली, मग शीड फुगलं,
नाव तिरपी झाली, डावी कूस पाण्यात गेली,
तिसरी फळी दिसेनाशी झाली.

पहिलं कोण आलं ते रात्री सुनेनं सांगितलं.
मी हूं म्हटलं.
कानात अजून डबा वाजत होता,
भरताना वेगळा,
रिता होताना वेगळा.